घाडीकाकांचा विरोध नव्हता

दत्ताराम घाडींनी आपल्या मुलीच्या शिक्षणाला कधीच विरोध केला नाही.

विरोध केला, असं मी लिहिलं होतं.

घाडीकाका काल दुपारी गेले. हार्ट अटॅक. पन्नाशीही गाठली नव्हती. हे लिहिल्याशिवाय मला आज चैन पडणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी ठाण्यात बारावीच्या मुलांकडून कॉलेजची अ‍ॅप्लिकेशन्स करून घेते. फॉर्म, निबंध, इंटरव्ह्यू, सगळं. रविवारी डोंबिवलीत काही मुलांना फुकट शिकवायचे. आणि ते फुकट आहे हे जरा जास्तच वेळा सांगायचे, तेही कबूल करते.

सिद्धी घाडी त्या मुलांमधली. दिवा स्टेशनजवळ राहणारी. हुशार, आणि तोंडावर खरं बोलणारी.

काका स्लायडिंगच्या खिडक्या बसवायचे. आठवड्याची एकच सुट्टी, ती आमच्या क्लासच्या जिन्यात बसून काढायचे. तीन-तीन तास. क्लासची अडकलेली खिडकी एका रविवारी कोणाला न विचारता नीट करून दिली.

आणि लॅमिनेशनचा भारी सोस. दहावीचं ओरिजिनल मार्कशीट लॅमिनेट करून आणलेलं. मी ओरडले, काका, ओरिजिनल असं करायचं नसतं, व्हेरिफिकेशनला अडवतात.

ते ओशाळून म्हणाले, "घरात सगळीकडे पाण्याची पिंपं, मॅडम. कागद भिजला तर?"

सिद्धीसाठी मी दिल्लीकडची एक खासगी युनिव्हर्सिटी बघून ठेवलेली. पूर्ण स्कॉलरशिप. निबंधाचा विषय होता, आयुष्यातला सगळ्यात मोठा अडथळा.

तिने पाण्यावर लिहिलं. टँकर आला की पुस्तक मिटून हंडे घेऊन पळायचं, त्यावर.

मला ते मिळमिळीत वाटलं. असे निबंध ढिगाने येतात, मी म्हणाले.

मग मी तिच्या बापाचाच अडथळा केला. पुस्तकं माळ्यावर फेकणारा बाप. दहावी झाल्या झाल्या लग्न ठरवायला निघालेला बाप.

सिद्धी म्हणाली, "ताई, पप्पा असे नाहीयेत."

मी म्हणाले, "अगं, हा फॉर्म आहे. आत्मचरित्र नाही."

त्या दिवशी मी स्वतःवर जाम खूश होते. हे लिहिताना कान गरम होतायत.

प्रिंटआउट घरी गेला. लेकीने इंग्रजीत काहीतरी लिहिलंय म्हणून काका तो कागद घेऊन थेट लॅमिनेशनच्या दुकानात. मशीन गरम होईपर्यंत दुकानदाराने वाचला, आणि हसत हसत सांगितलं की काका, यात तुम्ही व्हिलन आहात.

दोन दिवसांनी ते कामावर खाडा करून माझ्या ऑफिसात आले. भांडतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवलेली. ते भांडले नाहीत. बसलेही नाहीत.

"याने तिचं काम होईल ना, मॅडम?"

होईल, मी म्हणाले.

"मग राहू द्या. फक्त एक. तिकडे कोणी तिला बापाबद्दल विचारलं, तर तिला हेच सांगावं लागणार ना?"

काका, कोण विचारतंय, असं म्हणून मी विषय उडवून लावला.

इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न तो होता. मी पाठ करून घेतलेलं उत्तर तिने दिलं. स्कॉलरशिप मिळाली. युनिव्हर्सिटीने तिची गोष्ट वेबसाइटवर टाकली. मी ती इथेच, याच प्रोफाइलवर, माझ्या फोटोसकट शेअर केली. 'प्राउड मेंटॉर.' तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी अभिनंदन केलंय. खाली जाऊन बघा, अजून आहे.

गेल्या वर्षी तिचा पदवीदान समारंभ झाला. काका गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले.

तो माणूस रोज सातव्या-आठव्या मजल्यावर खिडकीबाहेर वाकून काम करत होता, आणि मी गुडघ्यावर विश्वास ठेवला.

खरं कारण काल सिद्धीने सांगितलं. ते तिला म्हणालेले, "मी तिकडे तुझ्याबरोबर फोटोत हसत उभा राहिलो, तर तू खोटी ठरशील गं."

ती नाही ओ काका. खोटी मी होते. आणि माझ्या खोटेपणापायी तुम्ही लेकीला डिग्री घेताना बघितलं नाहीत. आता कधी बघणार?

टाकण्याआधी ही पोस्ट मी सिद्धीला फोनवर वाचून दाखवली. मला वाटलं, नको म्हणेल. तसं म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

ती म्हणाली, "टाका ताई. पण इंग्लिशमध्येपण टाका. माझ्या तिकडच्या मैत्रिणी पप्पांना अजून तसंच समजतात."

पहिल्या कमेंटमध्ये टाकलंय. त्यात टँकरही आहे, आणि काकांचे जिन्यातले सगळे रविवारही.

काका, चुकले मी. हात जोडून शेवटचा नमस्कार.