सतरा नंबरचं रोप

"आई हाय. बाप हाय?"

काचेवरचा ओला जेल खिडकीच्या उजेडात धरून, डावा डोळा मिटून सर रोज एवढंच विचारायचे. कोणाला, ते मला कधी कळलं नाही.

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीची ती प्रयोगशाळा. संकरित कपाशीचं बियाणं अस्सल आहे का, ते आम्ही पाहायचो. बी रुजवायचं, कोवळं पान वाटायचं, त्यातली प्रथिनं जेलच्या थरातून विजेवर पळवायची. निळ्या पट्ट्या उमटायच्या. अस्सल रोपात आईचीही पट्टी दिसते, बापाचीही. नुसती आईचीच दिसली तर रोप बाद.

मी सातवीत शाळा सोडलेली, सावंतवाडीकडची, लग्न होऊन इथे आलेली. पानं वाटायचं काम मिळालं हेच मला खूप होतं, आणि ते जाईल ही धास्ती रोजची. सर इकडच्याच टेंभुर्णीच्या शेतकरी घरातले. एकदा मी भीत भीत डीएनएचं विचारलं.

"ताई, डीएनए म्हंजी पेशीच्या घरात काय काय सामान हाय त्याची यादी. अन् प्रथिनं म्हंजी आज चुलीवर काय शिजून राह्यलं ते."

शाळेत असं कोणी सांगायला हवं होतं, असं तुम्हालाही वाटेल.

निकालावर सही होईपर्यंत ते रोपांचे ट्रे फेकू द्यायचे नाहीत. खिडक्या भरून जायच्या. "सरांनी इथंच शेती काढली," बाकीचे हसायचे.

"हसा. रोपं काय तुम्हाला भाकर मागून न्हाई राह्यली."

एका दुपारी सतरा नंबरच्या रोपाच्या रसाची नळी माझ्या हातून सांडली. चूक कोणाची, ते रजिस्टरात लिहायचं आणि रजिस्टर वरच्या साहेबांकडे जायचं. मी घाबरले. सोळा नंबरच्या नळीतला निम्मा रस सतरात ओतला.

दुसऱ्या दिवशी सरांनी जेल उजेडात धरून डावा डोळा मिटला. "सोळाला बाप न्हाई. सतरालाबी न्हाई."

एक बाद चालायचं. दोन झाली की सगळं बियाणं परत. ते कंपनीसाठी बियाणं पिकवणाऱ्या घनसावंगीकडच्या एका बाईचं होतं. नमुना द्यायला ती स्वतः आली होती. संकरासाठी हंगामभर कपाशीच्या कळ्या सोलून तिच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं.

सर पेन उघडत होते.

"सर, सतरा खोटं आहे," मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी पेन मिटलं आणि ते खिडकीशी गेले.

"सतरा जित्तं हाय ना? मंग रडायला काय झालं? पान तोडा. अन् बराबर वाटा."

पट्ट्या दिसायला दुसरी सकाळ उजाडली. "आई हाय," ते म्हणाले. त्यांनी काच जरा तिरकी केली. "बाप बी हाय. जा, चहा सांगा. तुमच्यात साखर जास्ती टाकायला लावा."

साहेबांचं बोलावणं येईल म्हणून मी महिनाभर दाराकडे बघत होते. आलं नाही.

सर निवृत्त होऊन टेंभुर्णीला गेले. पट्ट्या आता मशीनच वाचतं. खिडकीतले ट्रे मात्र मी हलवू देत नाही. सर निवृत्त झाल्यावर एकदा धीर करून जुनं रजिस्टर उघडलं. त्यांच्या तिरक्या अक्षरात एक ओळ होती: 'सतराची नळी सांडली. पुन्हा केली.'

कोणाच्या हातून, ती जागा कोरी होती.