ताईची कांदाचाळ

अरुणाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी न्हावऱ्याहून शिरूरच्या मार्केट यार्डाकडे निघालो होतो. फोन तिची विद्यार्थिनी सायलीचा. "मामा, मॅडम गेल्या…" एवढंच म्हणाली. मी गाडी बाजूला घेतली. मनात पहिल्यांदा आला तो माझा खोटेपणा. महिना होत आला, अजून तोच येतो.

ताई माझी मावसबहीण, दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. चित्रकला शिकली, मग कॉम्प्युटर. पुण्यातल्या एका कॉलेजात दोन्ही एकत्र शिकवायची. यंत्रांनी टिपलेल्या आकड्यांतून रंग आणि उजेड घडवायचा, हे तिचं काम, आणि संशोधनही तेच. आम्हा नातेवाइकांना ते कधी नीट सांगता आलं नाही. लग्नाकार्यात कुणी विचारलं की म्हणायचो, "कॉम्प्युटरमध्ये आहे."

एका उन्हाळ्यात तिने माझी कांदाचाळ मागितली. ढिगात ऊब आणि ओल मोजणारी छोटी यंत्रं ठेवायची आणि त्या आकड्यांवर पुण्यातल्या एका भिंतीवरचा उजेड बदलत राहायचा. साठवलेला कांदा कसा टिकतो, कसा सडतो, ते लोकांना दिसावं म्हणून. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "आता कांद्याचा बी ईसीजी काढतीस व्हय गं?" "तुमचाही काढते आबा, बसा ढिगात!" तिची अट एकच होती, दिवाळीपर्यंत कांदा हलवायचा नाही. मी हो म्हणालो.

गणपतीत भाव चढला आणि तिला न विचारता मी चाळ फोडून सगळा कांदा विकला. यंत्रं तेवढी जपून खांबाला बांधली. वाटलं, चालू आहेत, पुण्यात काय कळतंय! संध्याकाळीच तिचा फोन. "दत्ता, चाळ एकदम गार कशी पडली रे?"

"वारं सुटलंय, ताई."

"बरं," ती म्हणाली.

रविवारी ती विद्यार्थ्यांना घेऊन आली. रिकामी चाळ बघून सायली रडवेली झाली, "मॅडम, सगळं वाया गेलं." माझी मान वर होईना. ताई म्हणाली, "वाया कसं? कांदा विकायलाच साठवतात. शेवट आपणच ठरवून बसलो होतो." तिने रिकाम्या चाळीचे आकडेही कामात तसेच ठेवले. पुण्यात ते पाहायला गेलो, तर भिंतीवर तांबूस उजेड हळूहळू हलत होता, आणि मग एकाएकी फिका, सपाट. लोक तिथेच जास्त वेळ थांबत होते. माझ्या खोट्याबद्दल ती कुणाला बोलली नाही, मलाही नाही. आणि मी कधी कबूल केलं नाही. पुढे दरवर्षी तिचे विद्यार्थी माझ्या चाळीत शिकले. कुठला कोपरा तापलाय ते फोन करून सांगायचे, म्हणून माझा कांदा कमी सडला. हे ऋण तिला कधी सांगितलंच नाही…

गेल्या आठवड्यात भाव आला. व्यापाऱ्याला हो म्हणण्याआधी मी सायलीला फोन केला. "मामा, चार दिवस थांबाल? मॅडमचं यंदाचं काम पुरं करायचंय." थांबलो. भाव उतरला. आबा तावातावाने चाळीत गेले, मी मागोमाग. आत सायली आणि बाकीच्या मुली ढिगात हात घालून बसल्या होत्या. यंत्राकडे बघायच्या आधी हाताने अंदाज सांगायचा, ही ताईची पद्धत. आबा दारातच थबकले. मग त्यांनीही हात घातला. "हितं तापलंय."

सायलीने आकडा बघितला. "नाही आबा, गार आहे."

"यंत्र बिघडलंय तुमचं," आबा म्हणाले आणि बाह्या सारून पलीकडच्या कोपऱ्यात हात घातला.