चौथ्या खणातली धावपट्टी

विमानतळ-कोशाच्या कचेरीत त्यांना सगळे कप्पेकाका म्हणत, आणि त्यांना ते आवडायचंही. कुठल्याही विमानतळाचं नाव घ्या, काका डोळे मिटून सांगणार: आंतरराष्ट्रीय, देशांतर्गत, लष्करी की बंद. चार लाकडी खण आणि अठ्ठावीस वर्षं. वर्षभरात तिकिटाचं एकही विमान उतरलं नाही की विमानतळ 'बंद', हा नियम काकांनी संपादकांशी भांडून करून घेतला होता. "शेरडं चरतात त्याला विमानतळ म्हणायचं, तर माझ्या गच्चीनं काय पाप केलंय?" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य.

त्या नियमात पाठच्या बहिणीच्या गावची डोंगरावरची धावपट्टीही सापडली. तिचं कार्ड चौथ्या खणात गेलं. बहिणीचा नवरा मात्र अडीअडचणीला लागेल म्हणून दर पंधरवड्याला तिथलं गवत कापायचा, खड्डे बुजवायचा, आणि काकांना कळवायचा: "दादा, पट्टी चालू आहे. तेवढं लिहा." काकांनी पहिल्या दोन पत्रांना उत्तर दिलं. पुढची फोडलीही नाहीत. नात्यातल्या माणसाच्या शब्दावर कोश बदलायचा? तत्त्व म्हणजे तत्त्व. असल्या तत्त्वाला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

मंगळवारी दुपारी बहिणीचा फोन आला.

"दादा, यांच्या छातीत कळा येतायत रे! घाटात दरड पडलीय, गाडी जात नाही. आणि रुग्णविमानवाले येणार नाही म्हणतात."

"का नाही?"

"पट्टी बंद आहे म्हणे. पुस्तकात तसं लिहिलंय."

कुठल्या पुस्तकात, हे काकांनी विचारलं नाही. त्यांनी थेट रुग्णविमानाच्या कचेरीला फोन लावला.

रुग्णविमानाच्या कचेरीतली बाई फार अदबीनं बोलत होती. "कोशात बंद असेल तिथे आम्ही वैमानिक पाठवत नाही, साहेब."

"अहो बाई, ते मीच लिहिलंय! मीच सांगतो, चालू आहे!"

"मग पट्टीची ताजी माहिती लेखी पाठवा. संपादकांच्या सहीनिशी."

संपादक पेन काढून तयारच होते, पण म्हणाले, "काका, पुरावा?" ही सवय त्यांना काकांनीच लावली होती.

काका वेड्यासारखे खण उपसू लागले. पत्रं कुठे टाकली तेच आठवेना. कार्डं जमिनीवर पसरली, चष्मा पडला, आणि काका सगळ्यांदेखत मोठ्यानं रडू लागले. शेवटी कपाटामागून गठ्ठा निघाला. सगळ्यात वरचं पाकीट गेल्या आठवड्याचं होतं. आत फोटो, लांबी, उतार, सगळं जिथल्या तिथे. खाली मेहुण्याच्या अक्षरात: "गवत कालच कापलं."

सही झाली, कागद गेला, विमान उडालं.

पाच वाजता बहिणीचा फोन आला. "विमान उतरलं, दादा. अगदी अलगद उतरलं. चाकाला खडासुद्धा लागला नाही. अर्धा तास आधी आलं असतं ना..."

पत्रं शोधण्यात पाऊण तास गेला होता. काकांनी ते तिला सांगितलं. तिनं फोन ठेवला.

कचेरी रिकामी झाल्यावर त्यांनी जमिनीवरून ते कार्ड उचललं. 'बंद' खोडून 'चालू' लिहिलं. खाली एक रकाना होता, 'देखभाल कोण करतं?' तो इतकी वर्षं त्यांनी कोराच ठेवला होता. गवत कापणारा आता उरला नव्हता; त्यांनी त्यात स्वतःचं नाव लिहिलं.