बाहेरची कडी

नागपुरातल्या मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून सरलाबाईंचं आयुष्य गेलं होतं. त्या अमेरिकेत सांता क्लाराला लेकाकडे, ऋषीकडे आल्या तेव्हा त्याने त्यांना शनिवारी एक जुनं स्पॅनिश मिशन, म्हणजे पाद्र्यांनी आदिवासींना ख्रिस्ती करण्यासाठी वसवलेलं ठाणं, दाखवायला नेलं. नवा चुना, कारंजं, गुलाबांचे ताटवे. लग्नाच्या हॉलसारखी ती सजावट पाहून त्यांनी नाक मुरडलं.

एका खोलीपाशी गाईड गोड आवाजात म्हणाला, "पाद्री इथल्या आदिवासी मुलींना रात्री या खोलीत सुरक्षित ठेवत."

सरलाबाईंनी दार न्याहाळलं आणि खणखणीत इंग्रजीत विचारलं, "मग कडी बाहेरून कशाला?"

"त्यांच्याच रक्षणासाठी, मॅडम."

"माझ्या मुलींच्या खोल्यांना कडी आतून होती. बाहेरून घालतात ती गोठ्याला. तू जा आत, मी लावते कडी. मग सांग, किती सुरक्षित वाटतं ते!"

"आई, प्लीज यार, सगळे बघतायत," ऋषी कुजबुजला.

गाईड कसनुसा हसला आणि घोळक्याला गुलाबांकडे घेऊन गेला. ऋषीने फोटोसाठी मोबाइल काढला.

"भिंतींना एवढा चुना फासला, पण खरं बोलायला मेल्यांची जीभ रेटत नाही. आणि मी इथे हसून उभी राहू?" असं म्हणून सरलाबाई तरातरा गाडीकडे निघाल्या.