शुक्रवारचं पाणी

मिस आर्डेला पिकेन्स कुणाला ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत. विद्यापीठातल्या काळ्या विद्यार्थ्यांचा इतिहास गोळा करणारी जनेल दोनदा रेकॉर्डर घेऊन आली आणि दोन्ही वेळा नुसता केक खाऊन परत गेली. "सगळं छान होतं, बाळ. अजून एक तुकडा घे," एवढंच उत्तर. खरं म्हणजे बाई त्या पोरीला घाबरत होत्या. आपण त्या विद्यापीठात नापास झालो, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, मुलालाही. जन्मभर सांभाळलेलं ते खोटं हिच्यासमोर उघडं पडलं तर?

तिसऱ्या खेपेला जनेल डोक्याला रुमाल बांधून आली. वेण्या सोडलेल्या, पुन्हा घालायला फुरसत नाही.

"हे काय ध्यान! बस इथं खाली."

बाई विद्यापीठात शिकत होत्या त्या काळी वसतिगृहात काळ्या मुलींना जागा नव्हती आणि गावातलं एकही पार्लर त्यांच्या केसांना हात लावत नसे, तेव्हा दर शनिवारी मावशीच्या स्वयंपाकघरात आर्डेलाच सगळ्यांच्या वेण्या घालायची. आता जनेल त्यांच्या गुडघ्यांमध्ये बसली, बोटांना तेल लागलं, भांग पडला आणि बाईंची जीभ आपोआप सुटली. कोण डॉक्टर झाली, कोण रडत आईकडे परतली, कोण भारी नखरेल होती.

"रेकॉर्डर लावू?"

"लाव. मान मात्र हलवू नकोस."

"आणि तुम्ही स्वतः? तुम्हीही तिथंच शिकलात ना?"

हात थांबले. जनेलला मागे वळता येत नव्हतं, ते बरंच झालं. तिच्या डोळ्यांत बघून त्यांना हे सांगवलं नसतं.

"तिथंच. सगळे पेपर पास झाले. पोहण्याची परीक्षा तेवढी राहिली. ती दिल्याशिवाय पदवी नाही. आम्हाला तरणतलावात सोडायचे फक्त शुक्रवारी संध्याकाळी. आठवडाभर गोऱ्या पोरी पोहून झाल्या की आम्ही, आणि शनिवारी त्यांच्यासाठी पाणी बदलायचे. मैत्रिणी नाक मुठीत धरून उतरल्या. त्यांना मी नावं ठेवत नाही. मला काही उतरवेना. पोहता येत होतं गं मला, नदीत शिकले होते! पण हे घरी कोणत्या तोंडानं सांगायचं? नापास झाले म्हणणं सोपं होतं."

जनेलचे खांदे हलू लागले.

"रडू नकोस, भांग वाकडा होतोय," बाई म्हणाल्या. त्यांनी शेवटची वेणी घट्ट बांधली.

"मिस आर्डेला, तुमच्याबद्दल काय लिहू?"

"लिहिशील नंतर. आधी मला फोन लावून दे. लेकाला सांगू दे, तुझी आई नापास झाली नव्हती. पाणी घाण होतं."