आत्याने मोजलेला विमा

माझ्या आत्याने सत्तावीस वर्षं रक्तपेढीची गाडी चालवली. मागे बर्फाच्या पेट्यांत रक्ताच्या पिशव्या आणि पुढे कुठल्यातरी ऑपरेशन थिएटरात खोळंबलेले डॉक्टर. वेळ तर गाठायची, पण पिशव्यांना हादरा बसू द्यायचा नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं. निवृत्त झाली आणि तिसऱ्याच आठवड्यात तिने जुन्यातली एक लाल हॅचबॅक घेतली. दिसायला चिमुकली, पण इंजिन दांडगं.

बाबा म्हणाले, "अगं ताई, या वयात?"

"मग कुठल्या वयात? आधी सवड कुठे होती?"

विम्याच्या कचेरीत मात्र तिचे डोळे पांढरे झाले. वर्षाचा हप्ता गाडीच्या किमतीच्या जवळजवळ चौथा हिस्सा. काउंटरवरचा अधिकारी भला माणूस होता. म्हणाला, "बाई, हे मॉडेल बहुतेक तरुण पोरं घेतात आणि ठोकतात. आमचा कंप्युटर गाडी बघतो, चालवणारा बघत नाही."

"मग त्याला चष्मा लावा," आत्या म्हणाली आणि कागद पिशवीत घालून घरी आली.

हुज्जत घालणं तिच्या स्वभावात नव्हतं. त्याच गाडीच्या देशोदेशीच्या मालकांचा इंटरनेटवर एक गट होता. तिथे तिने सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: वर्षाचा विमा भरायला तुम्हाला किती दिवस काम करावं लागतं? चलनांच्या भानगडीत पडायचंच नाही, ही तिची युक्ती. भाषांतराला मी होतो.

महिनाभरात एकोणीस देशांतून उत्तरं आली. एका शिक्षिकेला नऊ दिवस पुरत होते, कारण तिच्या देशात अपघात न झालेली वर्षं मोजत. दुसरीकडे एका बेकरीवाल्याला दोन महिने राबावं लागे, कारण तिथे इंजिनाची ताकदच तेवढी बघत. मग त्याने चालवण्याची नोंद ठेवणारं यंत्र गाडीत बसवलं आणि हप्ता निम्म्यावर आला. आत्याचा आकडा, शेवटच्या पगाराच्या हिशेबाने, होता एकाहत्तर दिवस.

हे सगळं तिने वहीच्या चार पानांत उतरवलं, रक्तपेढीचा विनाअपघात सेवेचा दाखला जोडला आणि पुन्हा कचेरीत गेली. दाखल्याखाली तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: एकदा दवाखान्याच्या फाटकाला गाडी घासली, चूक माझी.

अधिकारी म्हणाला, "हे खोडा. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

त्याने ते कागद वरच्या कचेरीत पाठवले. पाच आठवड्यांनी तिथून एक तपासनीस आला, तासभर आत्याच्या शेजारी बसून शहरभर फिरला. उतरताना एवढंच म्हणाला, "मला मध्येच डुलकी लागली होती." यंत्र बसवायच्या अटीवर हप्ता एक तृतीयांशाने उतरला. निम्मा व्हायला हवा होता, असं आत्याचं अजून म्हणणं आहे, आणि दरवर्षी ती तसं पत्र पाठवते.

तेव्हापासून असल्या गाड्यांचे मालक तिच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात. ती आधी त्यांच्या शेजारच्या सीटवर अर्धा तास बसते. गेल्या महिन्यात एक दातांचे डॉक्टर आले होते, चांगले पन्नाशीचे. त्यांना तिने कोपऱ्यावरूनच परत पाठवलं.

"अर्ज लिहून देईन, डॉक्टर," ती म्हणाली, "पण आधी ब्रेक हळू दाबायला शिका."

ते सध्या रोज सकाळी मोकळ्या मैदानात सराव करतात.