हॉर्न पोत्यात होता

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला शहाणपण शिकवायला नको... भूत, चकवा, अंगात येणं या सगळ्या प्रकारांना मी आजवर हसत आलोय. माझा धंदाच मुळी विश्वास न ठेवण्याचा आहे. मी अपघातात सापडलेल्या गाड्यांचा इन्शुरन्स सर्व्हेअर. "साहेब, अचानक गाय आडवी आली" असं कुणी म्हटलं की मी आधी बंपरवर गाईचे केस शोधतो. त्यामुळे खालचा प्रसंग वाचून तुमच्या मनात ज्या शंका येतील, त्या माझ्या मनात आधीच येऊन गेल्या आहेत.

राहायला मी गोंदियात, कुडव्याला. घरी मी आणि बायको अर्चना. दिवसभर चेपलेल्या गाड्या बघून बघून मला एक वेड लागलं होतं — एक तरी गाडी आपल्या हातानं परत उभी करायची. तीही साधी नाही. जुनी, उघड्या टपाची, दोन सीटांची स्पोर्ट्स कार. अर्चना म्हणायची, "आधी बाथरूमचा नळ दुरुस्त करा."

मागच्या वर्षी केशोरीकडे एका क्लेमच्या कामाला गेलो होतो. काम आटोपून चहा पिताना कुणीतरी म्हणालं, "आमच्या डोमाजीच्या कोठ्यात विलायती मोटर हाये." (गावाचं नाव मुद्दाम देत नाही, माणसं अजून तिथंच आहेत.) मला वाटलं, असेल एखादी खटारा जीप. जाऊन बघतो तर... गुरांच्या कोठ्यात तणसाच्या ढिगाआडून एक लांब, खाली झुकलेलं नाक बाहेर आलेलं. गोल दिवे. रंग कधीकाळी लाल असावा. टपाचं कापड उंदरांनी खाल्लेलं, टायर बसलेले आणि बॉनेटवर एक कोंबडी. माझा जीव तिथंच जडला.

डोमाजी ऐंशीच्या आसपासचे. तरुणपणी ते गोंदियाच्या एका राईस मिलवाल्या शेठकडे ड्रायव्हर होते. शेठचं वय झालं, एवढ्या खाली बसणं-उठणं जमेना, तेव्हा त्यांनी ती गाडी डोमाजींना देऊन टाकली. थोडं धान, थोडी मिरची आणि दारात स्पोर्ट्स कार — असा थाट अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

मी घाईघाईनं डावं दार उघडलं, आत बसलो आणि डॅशबोर्ड चाचपायला लागलो. डोमाजींचा चेहराच बदलला.

"उतरा," ते म्हणाले. "गाडी विकाची नाई."

"अहो, पण मी अजून किंमत तरी..."

"नाई म्हनलो ना. काऊन मांगं लागून राहिले?"

तरी मी परत गेलो. एकदा मिठाई घेऊन, एकदा हात जोडून. दर वेळी चहा मिळाला, गाडी नाही. शेवटी अर्चनाच म्हणाली, ही माझी सवत आहे तरी कशी ते एकदा बघू दे. म्हणून तिला सोबत नेलं.

ती कोठ्यात शिरली, गाडीभोवती फिरली आणि डाव्या दाराशी थबकली. "काकाजी, ही काकूंची जागा ना?" तिनं विचारलं. गाडीभर भुसा साचला होता आणि ती एकच सीट स्वच्छ होती, रोज कुणी पुसत असल्यासारखी. मी त्या सीटवर जाऊन बसलो होतो, तरी माझ्या ते लक्षात आलं नव्हतं, आणि म्हणे सर्व्हेअर. अर्चनानं ते दार उघडलंच नाही. वळसा घालून उजवीकडे गेली आणि स्टिअरिंगमागे बसली.

डोमाजी पहिल्यांदा हसले. मग बोलायला लागले. त्यांची बायको कौसल्याबाई वारून बरीच वर्षं झाली होती आणि गाडी तर त्याच्याही आधी बंद पडलेली. पण रोज संध्याकाळी गुरं बांधून झाली की ते उजव्या सीटवर येऊन बसायचे. डावी सीट पुसायची आणि मग तिकडे बघून दिवसभराचं सांगायचं. मिरची कशी वाळतेय, मुलाचा फोन आला की नाही, असलंच काहीतरी.

"लोक म्हनतेत बुढा सनकला," ते म्हणाले. "म्हनू द्या. पन गाडी गेली तं मी बोलू कोनासंग?"

मी मनातल्या मनात गाडीवर पाणी सोडलं. पण अर्चनानं हळूच विचारलं, "आणि तुमच्यानंतर, काकाजी?"

कोठ्याचं छप्पर एका बाजूनं बसत आलं होतं, त्याकडे बघत ते म्हणाले, "पोरगा नागपूरले राह्यते. तो भंगारात देइल. बुढीसकट."

मग स्वतःच म्हणाले, "न्या तुमी. ही बाई समजदार हाये."

त्यांच्या दोन अटी होत्या. पहिली, चावी मिळणार नाही. "बैल विकला तं दावं नाई देत आमी. दावं घरी राह्यलं का लक्ष्मी घरी राह्यते." बैल घेणारा स्वतःचं नवं दावं आणतो, तसं मी माझं बघायचं. म्हटलं, चालेल.

दुसरी अट हॉर्नची. मोठ्या रस्त्याकडे जाताना मध्ये कौसल्याबाईंचं माहेर लागतं. त्या गावाच्या शिवेला तलावाची पाळ आहे आणि पाळीखाली वळण. गाडीतून माहेरी जाताना त्या वळणावर बाई स्वतः हात लांबवून हॉर्न दाबायच्या — आखूड, आखूड, मग एक लांबलचक. तो ऐकला की त्यांचा धाकटा भाऊ इस्तारी पाय धुवायला पाण्याचा लोटा घेऊन दारात हजर. आमच्याकडे पाहुण्याला आधी लोटा, बाकी सगळं नंतर. लोटा यायला उशीर झाला तर बाई दिवसभर फुगून बसायच्या म्हणे.

"काकाजी, गाडीला बॅटरीच नाही," मी म्हणालो.

"मंग वळनावर हळू करजा. तिले समजते."

गाडी नेली त्या दिवशी अर्चनानं चाकांना हळद-कुंकू लावलं, नारळ ओवाळला. डोमाजींनी बॉनेटवर एकदा हात फिरवला आणि आमच्याकडे पाठ करून अंगणातली मिरची उलटीपालटी करायला बसले. विकलेला बैल जाताना बघत नाहीत.

आता जरा बारकाईनं वाचा. निघण्याआधी मी दुसरे टायर चढवून माझ्या सवयीनं सगळी गाडी तपासली होती. बॅटरी नव्हती. वायरिंग उंदरांनी कुरतडून संपवलेलं. हॉर्न एका नटावर लोंबत होता आणि त्याच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. रस्त्यात पडू नये म्हणून मी तो पान्यानं काढला आणि सुट्या भागांच्या पोत्यात टाकला. ते पोतं मांडीवर घेऊन अर्चना ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसली होती. ट्रॅक्टरला दोर बांधलेला, मागे गाडी, गाडीत मी एकटा. डावी सीट रिकामी. ट्रक मोठ्या रस्त्यावर उभा होता, तिथपर्यंतच ओढत न्यायची होती.

लख्ख सकाळ. तलावात पाणकोंबड्या. मी असा खुशीत होतो की हॉर्नचं बोलणं साफ विसरलो. पाळीखालचं वळण आलं...

आणि हॉर्न वाजला. आखूड, आखूड, मग एक लांबलचक. घोगरा, खरखरीत आवाज, अगदी माझ्या पायांपुढून.

ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक मारला आणि मागे वळून म्हणाला, "साहेब, हॉर्न कायले वाजवून राहिले? दोर सुटला का?"

माझे दोन्ही हात स्टिअरिंगच्या कडेवर होते. अर्चनानं पोत्याचं तोंड उघडलं. हॉर्न आत होता, मातीच्या घरासकट. "यात नाही वाजला," ती म्हणाली. "गाडीतच वाजला."

एवढ्यात वळणावरच्या घरातून एक म्हातारा बाहेर आला. धोतर, बंडी, हातात काठोकाठ भरलेला लोटा. "बाई आली का?" असं म्हणत तो रस्त्यापर्यंत आला आणि मला बघून तिथंच थांबला. तो इस्तारी.

"मी सोता खांदा देलो तिले," तो खजील होऊन म्हणाला. "पन हॉर्न आयकला आन् हात लोट्याकडं गेला."

मग तो गाडीच्या डाव्या बाजूला आला. दार उघडलं. दाराशी मातीवर लोटा हळूहळू रिकामा केला. एखाद्याला उतरायला लागतो तेवढा वेळ तिथं उभा राहिला आणि दार लावून घेतलं. "जा आता तुमी," म्हणाला.

त्यानंतर गाडी हलकी झाली वगैरे मी म्हणणार नाही. तशीच होती. मला भीतीही वाटली नाही. अर्चना मात्र सरळ रडत होती.

गाडी ट्रकवर चढवून मी त्याच ट्रॅक्टरवर डोमाजींकडे परत गेलो. सगळं सांगितलं. त्यांचे हात मिरचीतच होते.

"इस्तारीनं लोटा देलन्?"

"दिला."

"दार उघडलन्?"

"हो."

"मंग उतरली ती," ते म्हणाले, आणि मला चहा करायला उठले.

यावर मी पुष्कळ डोकं चालवलंय. दुसरी गाडी? रस्ता दोन्हीकडे मोकळा होता. ट्रॅक्टरचा हॉर्न? तो चालतच नव्हता, मी खाली उतरून दाबून बघितला. कुणाचा मोबाईल? असा आवाज मोबाईलमधून येत नाही. पुढे कुडव्याला तो हॉर्न साफ करून बॅटरीला जोडला तेव्हा पहिल्यांदा त्याचा खरा आवाज ऐकला. तोच घोगरा, तोच खरखरीत. आता गाडी तयार आहे, लालभडक, नव्या चावीवर चालते. हॉर्न दाबला तर वाजतो, नाही दाबला तर नाही. आमच्या रिपोर्टमध्ये कारणाचा एक रकाना असतो. या बाबतीत तो मी रिकामा ठेवलाय. कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन.

गेल्या महिन्यात गाडी दाखवायला डोमाजींकडे गेलो. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, ते हल्ली रोज संध्याकाळी इस्तारीकडे असतात. तसेच मागे फिरलो. वळणावर या वेळी मीच हॉर्न दिला. इस्तारी लोटा घेऊन आला, अर्चना डाव्या दारानं उतरली, पाय धुतले. ओसरीवर दोन्ही म्हातारे चहा पीत बसले होते आणि त्यांच्यामध्ये तिसरा कप भरून ठेवलेला.

"आजकाल मुक्काम इकडेच, काकाजी?" मी विचारलं.

"काय करू भाऊ," डोमाजी म्हणाले. "बायको माहेरी जाऊन बसली तं मानसाले यावंच लागते."